आक्कांच्या नावावरचं कर्ज

६ ऑक्टो., सोम.
डोळ्यांच्या दवाखान्याचा मेसेज. मे महिन्यात थोरल्या जाऊबाईंचा, आक्कांचा, मोतीबिंदू तिथंच काढला. 'आमच्या संगणकातून काही रुग्णांची माहिती बाहेर गेल्याची शक्यता आहे. सावध राहावे.' एवढंच. कधी गेली, सावध म्हणजे काय करायचं, काही नाही.
फॉर्म मीच भरले होते. आधार, पॅन, फोटो सगळं दिलं. पत्ता मुद्दाम आमचा, सांगलीचा. मेढ्याला टपाल कधी पोचेल नेम नाही.
ह्यांना दाखवला. "असले रोज येतात."

७ ऑक्टो.
आक्कांना मूलबाळ नाही. थोरले दीर फौजेतून आले आणि दोन वर्षांत गेले. त्यांच्या पेन्शनवर मेढ्याला एकट्या राहतात. त्यांचं बघणार कोण? मीच, धाकटी जाऊ.
शाळेच्या ऑफिसातून फोन केला. बजावलं, "कुणीही ओटीपी मागितला तरी द्यायचा नाही. बँकेतला म्हणाला तरी. मी म्हणाले तरी."

१२ ऑक्टो., रवि.
मेढ्याला जाऊन आले. क्रेडिट रिपोर्ट काढायचा होता, म्हणजे आक्कांच्या नावावर कुणी कर्ज उचललंय का ते कळतं. ओटीपी आला तसा आक्कांनी फोन पदराखाली घेतला.
"दाखवा की."
"तूच म्हनलीस न्हवं, मी म्हनलं तरी द्यायचा न्हाई?"
दोन ओटीपी वाया. शेवटी मला तोंड फिरवायला लावून स्वतः आकडे दाबले.
कर्ज आहे. ऑगस्टमधलं. महागडा मोबाइल, हप्त्यावर. पत्ता आमचा, फ्लॅटच्या नंबरासकट.
आक्कांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

१३ ऑक्टो.
पत्ता दवाखान्यातूनच गेला असणार. दुसरं काय.
पण आक्कांच्या कागदांच्या झेरॉक्स आणखी एका ठिकाणी आहेत. ह्यांच्या जमिनीच्या वाटणीच्या फायलीत. हे हळदीच्या सौद्याला गेल्यावर फाइल काढली. आधार आहे. पॅन नाही.
संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं. "तूच नेलीस की दवाखान्यात."
मी नेली? आठवत नाही. नेली असेल.
ह्यांच्या हातातला फोन जुनाच, काच तडकलेला. हे अंघोळीला गेल्यावर कपाटही बघितलं. लाज वाटली. तरी बघितलं.

१५ ऑक्टो.
रिपोर्टवाल्यांकडं तक्रार टाकली. तीस दिवस लागतील म्हणे. कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन लावला, ते ग्राहकाशीच बोलणार. आक्कांना लाइनवर घेतलं.
"आजी, फोटो तुमचाच आहे ना?"
"फोटू माझाच हाय. मोबाइल माझा न्हाई."
मग आक्कांच्या आधारवरचे ठसे ऑनलाइन लॉक केले, म्हणजे कुणी त्यांचा अंगठा वापरू नये. ह्या वेळी ओटीपी त्यांनी आपणहून वाचून दाखवला. बरं वाटलं. लॉक म्हणजे काय ते नीट सांगितलं का मी? घाईत होते.

७ नोव्हें., शुक्र.
आक्कांचा फोन. आवाज चढलेला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला सेवा केंद्रात गेल्या होत्या. अंगठा चार वेळा दिला, मशीन घेईना. केंद्रातला माणूस म्हणाला, कुणीतरी तुमचं आधार लॉक केलंय, घरात भांडण आहे का. सगळ्यांसमोर.
"कुनी केलंय?"
मी म्हणाले, मीच.
उघडायला पुन्हा ओटीपी लागतो. दिला नाही. "भावजी म्हनले हितं सही करा, केली. घाटाकडचा तुकडा तुमच्या नावावर झाला. तवा बोलली न्हाई मी. आता माझा अंगठा बी तुमच्याकडंच?"
फोन ठेवला.
इतक्या वर्षांत त्या तुकड्याबद्दल पहिल्यांदा बोलल्या. मला माहीत होतं. सहीच्या दिवशी चहा मीच केला होता.

८ नोव्हें.
ह्यांना न सांगता मेढा. केंद्रात आक्कांनी स्वतःच्या हातानं लॉक काढलं, अंगठा दिला. लागला. दाखला झाला. लगेच परत लॉक. कसं करायचं ते त्या माणसाकडून शिकल्या, माझ्याकडून नाही.
घरी येताना म्हटलं, "आक्का, त्या तुकड्याचं..."
"आदी ह्ये मिटू दे."

१८ नोव्हें.
रिपोर्टवाल्यांचं उत्तर आलं. कंपनी म्हणते कर्ज खरं आहे, पोलीस तक्रारीची प्रत पाठवा. मोबाइल दुकानातून समक्ष नेलाय. दुकान सांगलीतलं, मार्केट यार्डाच्या रस्त्यावरचं.
हे रोज त्याच रस्त्यानं जातात. शेकडो लोक जातात. तेही खरंच.
जेवताना ह्यांना सरळ विचारलं, आक्कांचे कागद कुणाला दिलेत का.
"इथवर आलीस?"
हो नाही, नाही पण नाही.

२४ नोव्हें., सोम.
आक्का आल्या, एकट्या, एस.टी.नं. घरी आल्या नाहीत, थेट सायबर पोलिसांच्या दारात भेटल्या. हेही आले. बोलावलं नव्हतं. आक्कांच्या पाया पडले.
आत एक पोलीस बाई टाइप करत होत्या. नाव, वय, काय घडलं. मग, "कोणावर संशय?"
आक्कांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांच्याकडं जास्त वेळ. हे खिडकीबाहेर बघत होते. 'दवाखाना लिहा' असं मी म्हणणार होते.
"आजी, कोणावर नाही, असं लिहू?"
"तसं नगा लिवू. मोकळंच ठिवा."
कागद पूर्ण वाचून मगच सही केली.
बाहेर आल्यावर हे म्हणाले, "वैनी, जेवूनच जावा." आक्का म्हणाल्या, साताऱ्याची गाडी चुकंल. मी स्टँडपर्यंत रिक्षात त्यांच्याबरोबर बसले. हे गाडीवरून मागं येतायत का, एकदा वळून बघितलं.
नव्हते.