एक बोळा कमी आहे

बँगोर, मेन
४ मार्च १९७४

चि. ऑरिन यास,
विनिफ्रेडचे आशीर्वाद. सवयीने लिहिलेत, मनावर घेऊ नकोस.

तुझं पुस्तक निघालं तेव्हा मी गप्प बसले. सिनेमा आला तेव्हा आईने शपथ घातली म्हणून गप्प बसले. आता दर मंगळवारी टीव्हीवर कोरियाच्या युद्धातल्या आपल्या तंबूतल्या इस्पितळाचा तमाशा चालतो आणि तुझी ती मेजर मोजपट्टी टेबलाखाली, सूपच्या पातेल्यात, साहेबाच्या कुत्र्याच्या तोंडात गॉजचा बोळा शोधत फिरते. एक बोळा कमी आहे, असं ती किंचाळली की अख्खा देश पोट धरून हसतो. ती बाई कोणावरून उचलली आहेस हे इथल्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे.

माझी थट्टा मी गिळली असती. आपल्या स्टॅकपोलांच्या घरात वाढले आहे, थट्टेची सवय आहे. पण मी मुलींना नर्सिंग शिकवते. पोट शिवण्याआधी आत गेलेले आणि बाहेर आलेले बोळे मोजायचे, जुळेपर्यंत डॉक्टरला टाका घालू द्यायचा नाही, एवढं सांगायला तोंड उघडलं की वर्ग खिदळतो. परवा एकीने न मोजताच जुळले म्हणून सांगितलं. झापलं तर म्हणाली, मॅडम, मला मेजर मोजपट्टी व्हायचं नाहीये.

आयोवाच्या त्या सैनिकाच्या पोटात शस्त्रक्रिया करताना तू विसरलेला बोळा मी तुझा हात धरून बाहेर काढायला लावला, म्हणून तो जगला. त्यात हसण्यासारखं काय सापडलं तुला? तो विनोद मालिकेतून काढ. नाहीतर त्यापायी कोणीतरी जिवाला मुकेल.

लोभ वाढवण्याची विनंती करत नाही. उरला असेल तेवढा पुरे.
विनिफ्रेड


टॅलो कोव्ह
११ मार्च १९७४

ती. विनिफ्रेडताईस,
ऑरिनचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचताना तुझा आवाज थेट कानात घुमला. मालिकेतली नटी इतका चढा सूर लावू शकत नाही, बिचारी.

विनोद निघणार नाही. लोक मंगळवारची वाट त्याच्यासाठीच बघतात. ते वाक्य आता कॉफीच्या मगांवर आलंय. तुला एक पाठवतोय, वर्गात वापर. ताई, आम्ही तिथे रक्तात कोपरापर्यंत बुडालेलो असायचो. हसलो नसतो तर वेडे झालो असतो. तुला ते तेव्हाही कळलं नाही. तू मात्र भिंतीवरच्या पाटीसारखी उभी. आणि नर्सच्या पोरी टीव्ही बघून बिघडत असतील तर मास्तरीणबाईंनी शिकवण्याकडे लक्ष द्यावं.

ईस्टरला येतोच आहे. तोवर राग पुरवून वापर.
तुझा लाडका नसलेला भाऊ,
ऑरिन


बँगोर
१५ मार्च १९७४

चि. ऑरिन यास,
आशीर्वाद नेहमीचेच.

तुझा कॉफीचा मग फुटून आला. फुटला नसता तर मी फोडला असता. तू हसलास म्हणून वेडा झाला नाहीस, असं तुझं म्हणणं. मी मोजत होते म्हणून तुला हसता आलं, हे माझं. ईस्टरला येऊ नकोस. सणाच्या जेवणाचा हॅम शेजाऱ्यांना देणार आहे.

विनिफ्रेड


टॅलो कोव्ह, इस्पितळातून
२० मे १९७४

ती. विनिफ्रेडताईस,
सा. न. वि. वि. अक्षर वाकडं आहे, पडून लिहितोय.

तुला कळवलं नव्हतं. एप्रिलमध्ये इथे माझं पित्ताशय काढलं. डॉक्टर पेल नावाचा तरुण सर्जन आहे, हात चांगला आहे, आणि मालिकेवर बेहद्द खूश. पोट शिवायच्या वेळी नर्स मोजायला लागली तेव्हा त्याने मेजर मोजपट्टीची नक्कल केली म्हणे. सगळे इतके हसले की मोजणी तिथेच राहिली. लेखकाच्याच पोटावर लेखकाचा विनोद, अशी मजा त्यांना पुन्हा कधी मिळणार होती?

तेव्हापासून ताप उतरत नाही. आता एक्स-रेत बोळा दिसलाय, आणि भोवती पू धरलाय. शुक्रवारी पुन्हा उघडणार. दुसरीकडे हलवण्याइतका वेळ नाही, म्हणतात.

सकाळी सगळे खाटेभोवती जमले होते. मी त्यांना सांगितलं, या वेळी बोळे नीट मोजा. ताई, ते हसले. नर्सने डोळे पुसले, इतकं हसू आलं तिला. मी पुन्हा सांगितलं, थट्टा करत नाहीये. त्यावर तर पेलला भिंतीचा आधार घ्यावा लागला. शेजारच्या खाटेवरच्या एका पोराने आपल्या मोडक्या पायाच्या प्लास्टरवर माझी सही घेतली.

मला भीती वाटते आहे. मी काहीही बोललो तरी इथे विनोदच होतो. तू येशील का?

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
ऑरिन


बँगोर
२२ मे १९७४

चि. ऑरिन यास,
आशीर्वाद. या खेपेला मनापासून.

राग गेला, अशा समजुतीत राहू नकोस. तू बरा झालास की मालिकावाल्यांना तुझ्या हाताने पत्र लिहायचं आहे, आणि ते मी टपालात टाकणार आहे. उरलेलं भांडण त्यानंतर.

गुरुवारच्या बसने येते. तुमच्या इस्पितळाच्या प्रमुखांशी फोनवर बोलले. बाहेरच्या नर्सला टेबलाशी उभं राहता येत नाही म्हणाले. मी कोण ते सांगितलं, तर तेही हसले. मग मी थोडी बोलले. आता उभं राहता येतं.

बोळे मी मोठ्याने मोजणार आहे. जुळेपर्यंत पेलच्या हातात सुई जाणार नाही. तू गुंगीत असशील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते: तिथे कोणी हसणार नाही.

तुझी बहीण,
विनिफ्रेड