कुपवाडात बनलेली सायकल

आण्णा,

मी सायकल घेतली. कुपवाडात बनलेली. सांगाडा कुपवाडचा, दोन्ही चाकंही कुपवाडची. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असता आणि काय म्हणाला असता तेही मला माहीत आहे. "कुपवाडात? आगं, कुपवाडात काय बनतंय ते मला इचार की." तीस वर्षं तुम्ही तिथल्या कारखान्यात लेथवर उभे होतात, दुसऱ्यांच्या पंपांचे शाफ्ट काढत होतात. विचारायचं तर तुम्हालाच. पण तुम्ही आज असता तरी मी विचारलं नसतं. सत्तेचाळीस वर्षांची झाले, आपली सायकल आपण निवडू शकते.

सायकल साधी नाही. डोंगरातल्या पायवाटांवर, दगडधोंड्यांतून चढवायची आणि मुख्य म्हणजे उतरवायची. रुंद टायर, पुढचं चाक धरणारा, धक्क्याला दबणारा चिमटा, आणि सांगाडा कार्बनचा. कार्बन म्हणजे काळं कापड, आण्णा. कापडाचे तुकडे चिकट रसायनात भिजवून, साच्यात थरावर थर दाबून, भट्टीत भाजतात. निघतं ते लोखंडापेक्षा कितीतरी हलकं असतं. तुम्ही बोटाच्या पेरानं टकटक करून बघितलं असतं आणि म्हणाला असता, "ह्यो तर डबडा वाजतोय." वाजतोय खरा. त्यावरूनच मी यवतेश्वरच्या माथ्यावरून खाली आले.

तुम्ही कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उलटी करायचा. कुकर, पंखा, कात्री, आईचा नवा स्टोव्ह. बुडाशी कुठं बनली ते वाचायचं आणि इथलं नाव दिसलं की खाली ठेवायची. "इथलं? र्‍हाऊ दे." पाहुण्यांना वाटायचं की ह्या माणसाला परदेशी मालाचं वेड आहे. तसं नव्हतं, हे घरात तिघांनाच माहीत होतं, आणि आज त्यातली मी एकटी उरले आहे.

मी नववीत आहे. तुम्ही कामावरून येता आणि स्वयंपाकघरात आईसमोर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू ठेवता. माझ्या सायकलचा पुढचा चिमटा गंजला होता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर खपून तुम्ही नवा बनवलाय. नळी कापलीय, वाकवलीय, पितळेनं जोडलीय आणि वर गडद निळा रंग दिलाय. आई भाकरी थापता थापता म्हणते, "बाजारात मिळत न्हाई व्हय?" तुम्ही म्हणता, "मिळतो की. असला न्हाई मिळत." इतक्या ताठ मानेनं तुम्हाला बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. नंतरही कधी ऐकलं नाही.

महिन्याभरात तो चिमटा तुटला. कालव्याच्या पुलावरून उतरताना पुढचं चाक एकटंच पुढे गेलं आणि मी तोंडावर आदळले. पुढचे दोन दात गेले, हनुवटीला टाके पडले. तुम्ही दवाखान्यात आलात ते कारखान्याच्या कपड्यांतच, हाताला काळं तेल तसंच. मला वाटलं रागवाल. रागावला नाहीत. घरी आल्यावर चुलीकडे बघत आईला म्हणालात, "आपल्या हातचं आपल्या माणसाच्या जिवाखाली घालायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी तुटलेले तुकडे कारखान्याच्या भंगारात टाकून आलात. वर्षाभरानं तुमचे लेथवरचे जोडीदार घरी आले. दोघांनी मिळून शेड घेऊया, स्वतःचं काम सुरू करूया, म्हणाले. चहा निवेपर्यंत ते बोलत होते. तुम्ही एकच वाक्य बोललात, "माझ्या हाताची मला खात्री न्हाई." त्यांनी एकट्यानं शेड काढली. तुम्ही दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे दुसऱ्याचे शाफ्ट काढत निवृत्त झालात.

तिथं थांबला असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण तुम्ही तेच माप मलाही लावलंत. मी गुरांची डॉक्टर होऊन आले आणि रहिमतपुरात, आपल्या मूळ गावाजवळ, जिथं मी प्रत्येक सुट्टीत असायचे, दवाखाना काढते म्हणाले, तेव्हा त्याच स्वयंपाकघरात तुम्ही म्हणालात, "आगं, आपल्या गावच्या पोरीकडं कोण म्हस आणंल? लोकांनी तुला नाक पुसताना बघितलंय. पुण्याकडं जा, तिकडं तुला डॉक्टर म्हनतील." मला ते लागलं. अजून लागतं. मी पुण्याला गेले नाही. आणतात, आण्णा. बावीस वर्षं आणतायत. आडवं आलेलं वासरू खांद्यापर्यंत हात घालून फिरवताना कुणी मला माझं गाव विचारलेलं नाही. तुम्ही दवाखान्यात एकदाच आलात, बाकावर बसलात आणि मायक्रोस्कोप उलटा करून बघितलात.

असो. आता राहायला साताऱ्यात आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरायला लागले म्हणून सायकल सुरू केली आणि मग डोंगराची चटकच लागली. रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण जातो. आमचे म्होरके निवृत्त सुभेदार आहेत, साठी ओलांडलेले, पण चढाला आमच्यातल्या तिशीच्या पोरांना मागं टाकतात. माझी जुनी सायकल जड होती, खिळखिळी झाली होती. नवी घ्यायची म्हटल्यावर सगळे दोन महिने मला परदेशी सायकलींचे फोटो पाठवत होते. कुपवाडात एक जण कार्बनची सायकल बनवतो असं मी कुठंतरी वाचलं होतं. ते बोलून दाखवलं तर सुभेदार थांबलेच. "म्याडम, बाजारात जायला इथली घ्या, कोन न्हाई म्हनत न्हाई. पर डोंगरात जीव टांगल्याला असतो. तिथं बाहेरचीच." माणूस भला, मनापासून बोलत होता. पण मला त्यांच्या तोंडून तुमचाच आवाज ऐकू आला, आणि तो ऐकल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही. पुढच्याच सुट्टीला कुपवाड गाठलं.

तुमच्या कारखान्याच्या मागच्या रस्त्याला आहे ते. पत्र्याची शेड, बाहेर कामगारांच्या मोटरसायकली. मालक चाळिशीचा, कवठेमहांकाळकडचा. घरी पिढ्यान्पिढ्या मेंढरं. हा माळावरच्या पवनचक्क्यांवर कामाला लागला होता. दोरावर लोंबकळून पात्यांना गेलेल्या चिरा बुजवायच्या, तेही असल्याच कापडाच्या थरांनी. तिथं हात बसला. आईस्क्रीमवाल्याकडे असतो तसा एक आडवा फ्रीझर त्यानं उघडून दाखवला. आत कार्बनच्या कापडाच्या गुंडाळ्या, कारण बाहेरच्या उष्णतेनं ते भिजवलेलं कापड भट्टीत जाण्याआधीच कडक व्हायला लागतं. प्रत्येक तुकडा कापून त्यावर नंबर टाकलेला. कुठला धागा उभा, कुठला तिरका, ते भिंतीवर लिहिलेलं. तुम्हाला ती भिंत आवडली असती. आवडली असती, पण तुम्ही तसं म्हणाला नसता.

मी सरळच विचारलं, "मोडत नाही कशावरून?" तो म्हणाला, "मोडतो की. चला दावतो." शेडच्या मागं नेलं. तिथं मोडलेल्या सांगाड्यांचा ढीग होता. "ह्यो आमीच मोडला. ह्यो बी. ह्येला मशीनवर दाबत बसलो, इथं गेला, मग इथं दोन थर वाढवलं." प्रत्येकाच्या मोडलेल्या जागेवर खडूनं खूण होती. आण्णा, मला गलबलून आलं. आपल्या हातचं मोडलेलं त्यानं अंगणात मांडून ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

माझा चेहरा बघून त्यानं खुर्ची दिली. मी त्याला तुमच्या निळ्या चिमट्याची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, मग म्हणाला, "तुटला कुठं? जोडावर, का नळीत?" मी म्हणाले, नळीत, जोडाच्या खाली दोन बोटं. "त्याआधी कुठं आपटला हुता का?" आणि आण्णा, तेहेतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्याला सांगितलं. तुटायच्या आठ दिवस आधी मी मैत्रिणीशी शर्यत लावून मोरीच्या कठड्यावर आदळले होते. चिमटा वाकला होता. तुम्ही खपून बनवलेला, म्हणून घरी सांगायची हिंमत झाली नाही. चौकातल्या सायकलवाल्यानं पाइप घालून तो सरळ करून दिला, रंग उडाला तिथं मी पेनाची शाई लावली. मालक म्हणाला, "मग तुटनारच की वं. वाकवून सरळ केल्यालं लोखंड आतनं चिरतंय. त्यात तुमच्या वडलांचं काय चुकलं?"

चूक माझी होती, हे मी आज लिहून देते. पण माझा राग त्यानं संपलेला नाही. तुम्ही शाफ्ट तीनदा मोजणारे. केसाएवढा फरक तुमच्या नखाला कळायचा. ते तुटलेले तुकडे तुम्ही एकदा, फक्त एकदा, उजेडात धरून बघितले असते तर वाक दिसला असता, शाईसुद्धा दिसली असती. तुम्ही मला बोलावून एक थोबाडीत दिली असती आणि आपण दोघं सुटलो असतो. तुम्ही बघितलंच नाहीत. आपल्या हातचं म्हणजे वाईटच असणार, हे तुम्ही बघण्याआधीच ठरवून टाकलंत. चौदा वर्षांची मुलगी भिऊन गप्प बसली, हे मी समजू शकते. पंचेचाळीस वर्षांचा कारागीर आपल्याच कामाकडे पाठ फिरवतो, हे मला समजत नाही आणि मी समजूनही घेणार नाही.

मी त्याच दिवशी सांगाडा बनवायला सांगितला. चाकांचं मात्र तासभर चाललं. परदेशी चाकं बसवून देतो म्हणाला, त्याला वाईट वाटणार नव्हतं. इथली चाकं त्याची बायको बांधते. ती कोपऱ्यात स्टुलावर बसून चाक फिरवत होती, एकेक स्पोक बोटानं छेडून आवाज ऐकत होती आणि तारा आवळून चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढत होती. माझ्याकडे वर न बघता तिनं विचारलं, "वजन किती तुमचं? पिशवी धरून सांगा." मी सांगितलं. "उताराला ब्रेक दाबूनच येता, का सोडता?" दाबून, म्हणाले. "मग मागच्या चाकाला चार तारा जास्त घालते. आनि ऐका, टायरात हवा कमी ठेवलीसा आनि धारेच्या दगडावर आदळलासा, तर आमची रिम फुटंल. फुटनार न्हाई असं मी म्हननार न्हाई." परदेशी चाकाच्या कागदावर असं वाक्य मी वाचलेलं नाही. मी म्हणाले, चाकं तुमचीच. पुढचा दबणारा चिमटा तेवढा बाहेरचा आहे. "त्यो आमाला आजून जमत न्हाई," मालक म्हणाला. लाजला नाही, जसं आहे तसं सांगितलं.

गेल्या रविवारी पहिल्यांदा डोंगरात काढली. काळी, कुठंही नाव नाही, फक्त खालच्या नळीवर बारीक अक्षरांत 'कुपवाड'. उलटी करून वाचावी लागत नाही. सुभेदारांनी दोन बोटांनी उचलून बघितली आणि "लय हलकी हाय" म्हणाले, त्यात कौतुक किती आणि काळजी किती ते कळलं नाही. यवतेश्वरच्या माथ्यावरून पायवाट सुटते, सगळा जांभा दगड, वर सुटी खडी. अर्ध्यावर माझं मागचं चाक एका धारेवर असं आदळलं की पुढच्या वळणावर सुभेदारांनी वळून बघितलं. मी थांबले. चाक फिरवलं, एकेक स्पोक छेडून बघितला, तिनं शिकवला तसा. रिमवरून बोट फिरवलं. काही झालं नव्हतं. सुभेदार ओरडले, "म्याडम, लय आवाज झाला!" मी म्हणाले, "झाला." "मग? आता?" मी म्हणाले, "आता काय, चला पुढं." आणि ब्रेक सोडले. वारा असा तोंडावर आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी मोठ्यानं हसत होते, आण्णा, ह्या वयात, दोन खोट्या दातांसकट.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही. पाकीट आणलेलं नाही, पत्ता कुणाचा घालणार? तुमच्याशी भांडण होतं ते लिहून झालं, मिटलं असं मात्र म्हणणार नाही.

एक राहिलं. त्या वाटेवर शेवटी तीन मोठे दगड एकाखाली एक आहेत, पुरुषभर उंचीचा उतार. सुभेदार आणि पोरं धडाधड खाली गेली. मी वर उभी राहिले. सायकलचा भरवसा होता, माझा नव्हता. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी खाली उतरले, सायकल खांद्यावर टाकली आणि बसत-बसत तिन्ही दगड पार केले. मग पुन्हा सायकलवर बसून सगळे थांबले होते त्या झाडाखाली ऐटीत गेले. सुभेदारांनी विचारलं, "उतरलासा?" मी म्हणाले, "उतरले."

खोटं बोलले नाही, आण्णा. सायकलवरून उतरले, एवढंच सांगितलं नाही.