कच्च्या टाक्याने शिवलेला पोलंड

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार तिसरा मजला, असे लिहून ठेवते की माझी अक्कल ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाहीत ते गुडघे. माझे कागदोपत्री नाव वर मुद्रांकावर आहेच. पण ज्यांनी हे वाचायचे ते सगळे मला युरोपबाई म्हणतात, म्हणून खाली तेही घातले आहे.

मी शुद्धीत आहे की नाही हे पाहायला डॉक्टर काल आले होते. त्यांनी मला आजचा वार विचारला, मुलांची संख्या विचारली, शंभरातून सात वजा करायला सांगितले. मग मी त्यांना विचारले की वॉटर्लूला कोण हरले. त्यांनी बरोबर सांगितले, पण साल चुकले. तरी मी त्यांना पास केले आहे आणि त्यांनी मला.

हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, असे एक वाक्य घालावे लागते म्हणे. हे मला वकिलाने सांगितले. वकील माझाच विद्यार्थी. सातवीत नागरिकशास्त्रात त्याला भोपळा मिळाला, तेव्हापासून वर्गात त्याचे नाव भोपळाच पडले. आता त्याचा रुबाब मोठा आहे, पण माझ्यासमोर अजून बाकाच्या कडेवर बसल्यासारखा बसतो. मी म्हटले, दबाव आहे की, तीन जिन्यांचा. तो म्हणाला, "बाई, जिन्याला पक्षकार करता येत नाही." तेव्हा ते वाक्य घातले आहे असे समजावे.

कलम १. घर.

माझ्या नावावर हे एकच घर आहे. तळमजल्यावर मुलांच्या बाबांचे चष्म्याचे दुकान होते, ते गेल्यापासून बंद आहे. मधल्या दोन मजल्यांवर सामान. वर मी आणि धाकटी मुलगी. त्यांनी जाताना घर माझ्या नावे केले, पण एक अट घातली. मी हयात आहे तोवर घर विकायचे, भाड्याने द्यायचे, भिंत फोडायची, कुठल्या खोलीचा वापर बदलायचा, काहीही करायचे तर तिन्ही मुलांची सही हवी. एकाने नको म्हटले की नको. त्यांच्या भावांनी वडिलांचे घर वाटून घेताना दारे-खिडक्यासुद्धा वाटून घेतल्या होत्या. ते त्यांच्या मनाला फार लागले होते. अट त्यांनी मायेने घातली. मायेने घातलेली कडी दाराच्या आतून बसते की बाहेरून, एवढे पाहायचे राहून गेले.

आता यात युरोप कसा आला ते सांगते, नाहीतर मुले म्हणतील की म्हातारीला मरतानाही वर्ग घ्यायचा आहे.

पोलंडच्या जुन्या सभेत एक नियम होता. शेकडो सरदार जमायचे, आणि त्यांतला एक जरी उभा राहून "मला मान्य नाही" म्हणाला, की सभा बरखास्त, झालेले ठरावही रद्द. हे शिकवताना सातवीची मुले पोट धरून हसायची. "बाई, एवढे मोठे सरदार, आणि एवढी साधी अक्कल नव्हती?" मीही हसायचे. शेवटी शेजारच्या तीन राज्यांनी तो देश तीन वेळा कापून वाटून घेतला आणि तो नकाशावरूनच गेला, इथे आले की वर्ग गप्प व्हायचा. मला काय ठाऊक, की म्हातारपणी माझ्याच घरात ती सभा भरणार आहे.

मागच्या निवडणुकीच्या दिवशी मला मतदानाला न्यायचे ठरले. मतदान केंद्र म्हणजे माझीच शाळा, या खिडकीतून दिसते. गल्लीतल्या चार जणांनी मला खुर्चीत बसवून उचलले. दुसऱ्या वळणावर खुर्ची अडकली. भिंत आणि कठडा यांच्यामध्ये मी अशी बसले की ना वर, ना खाली. पाय तेवढे मतदानाच्या दिशेला. चौघे घामाघूम. मीच म्हटले, राहू द्या रे, न्या परत वर. आयुष्यभर पोरांना सांगत आले की मत चुकवू नका, आणि त्या दिवशी खिडकीतून रांग बघत बसले. त्यानंतर मी खाली उतरलेली नाही.

तेव्हापासून माझे एकच मागणे आहे. खालचे दुकान आवरून तिथे माझी खाट टाका. दाराला एकच पायरी आहे. दार उघडले की रस्ता, आणि रस्त्यापलीकडे शाळा.

कागद तयार झाला. धाकटीने लगेच सही केली. थोरला म्हणाला, "आई, खाली ओल आहे. सांधे धरतील." मी म्हटले, सांधे वरही धरलेलेच आहेत, खाली निदान माणसे दिसतील. पुढे त्याचे मन वळले आणि तो सही करतो म्हणाला, तर मधल्याला शंका आली. "दादा इतक्या सहज हो म्हणतोय म्हणजे त्याचा दुकानावर डोळा असणार. तू भोळी आहेस, आई." हे थोरल्याच्या कानावर गेले. तो चिडला, म्हणाला, मग माझीही नको. कागद पुन्हा तयार झाला, पुन्हा फिरला, पुन्हा अडला. जिन्याला दुसरा कठडा लावायलाही भिंत फोडावी लागते, म्हणजे तिथेही तीच सभा.

इंग्लंडात एके काळी अशी ओसाड गावे होती की तिथे फक्त मेंढ्या चरायच्या, आणि तिथून संसदेत दोन-दोन प्रतिनिधी जायचे. माणसांनी गच्च भरलेल्या शहरांना मात्र एकही नाही. माझे दोन्ही मुलगे या घरात राहत नाहीत, त्यांना एकेक मत आहे. मी राहते, मला नाही. मुलगे वाईट नाहीत, हे इथे नोंदवते. औषधे आणतात, वाढदिवसाला येतात, खाली उतरताना "काळजी घे" म्हणतात. पण खाली उतरतात.

ही अट माझ्या मरणाबरोबर संपते. पुढे घराचे काय करायचे हे मी एकटीने ठरवायचे. म्हणजे या घरात मला एकच मत आहे, आणि ते मेल्यावर मोजले जाणार. ते या कागदात टाकते आहे.

कलम २. किरकोळ वस्तू आणि जुनी उणीदुणी.

शिलाई मशीन थोरल्या सुनेला. तिचे आणि माझे कधी जमले नाही, पण तिची शिलाई सरळ असते आणि ज्याचे त्याला द्यावे. कानातल्या कुड्या मधल्या सुनेला. ती फोनवर माझे पूर्ण ऐकून घेते. बँकेतल्या ठेवीतून दवाखाना आणि अंत्यविधी भागवून उरेल ते शाळेला, नव्या नकाशांसाठी. भोपळ्याने अंमलबजावणी पाहावी.

बटणांचा डबा जुन्या मुख्याध्यापकांना. मी शाळेत लागले ती शिवणाची बाई म्हणून. इतिहासाचे सर वर्षाच्या मध्येच सोडून गेले, तेव्हा मी म्हटले, मी घेते सातवी. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "शिवणाच्या बाईंनी बटणं लावावीत. युरोप कशाला?" मी वाचनालयातून पुस्तके आणून स्वयंपाक करता करता वाचली. आज शिकायचे, उद्या शिकवायचे. पहिल्या वर्षी मी पोरांपेक्षा एकच धडा पुढे होते. पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी स्वतःहून आठवीही दिली, पण शब्द मागे घेतला नाही. आता ते काठी टेकत रोज संध्याकाळी खिडकीखालून जातात, वर बघतात आणि ओरडतात, "युरोपबाई, उतरा खाली." मी वरून म्हणते, "बटणं लावतेय, सर." त्यांनाच साक्षीदार करायचे होते, पण भोपळा म्हणाला की साक्षीदाराला मृत्युपत्रातून एक बटणसुद्धा देता येत नाही. मी विचार केला. साक्षीदार दुसरेही मिळतील.

कलम ३. मतपेटी.

बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, झाकणाला फट पाडलेली. वर्षानुवर्षे सातवीचा वर्गप्रमुख याच डब्यातून निघाला. हा शाळेत परत जावा, आणि त्याबरोबर पुढची हकीकतही.

एका वर्षी मी पोपच्या निवडणुकीचा धडा घेतला होता. इटलीतल्या एका गावात धर्मगुरू पोप निवडायला बसले आणि त्यांचे ठरेचना. महिने गेले, वर्षे गेली. शेवटी गावकऱ्यांनी त्यांना कोंडले, जेवण तोडून पाव-पाण्यावर आणले, तरी ठरेना तेव्हा छप्परच उतरवले. मुलांना हे भारी आवडले. म्हणाली, आपणही असेच करू. मी आतून कडी लावली आणि सांगितले, वर्गप्रमुख ठरल्याशिवाय मधली सुट्टी नाही.

चिठ्ठ्या मोजल्या. प्रत्येकाला एक मत. सगळ्यांनी स्वतःलाच दिलेले. पुन्हा मतदान, पुन्हा तेच. डबे दप्तरात, भूक पोटात, बाहेर इतर वर्ग खेळताहेत, आणि कोणी हटायला तयार नाही. एक जण रडायला लागला. मीही अडकले होते. आता कडी काढली तर धडा फुकट.

तिसऱ्या खेपेला एकाला दोन मते पडली. मागच्या बाकावरचा, कुलुपांशी खेळणारा मुलगा. आज त्याचे कुलुपांचे दुकान आहे आणि सगळे त्याला कुलूपवालाच म्हणतात. वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि दाराकडे धाव घेतली. सगळ्यांना एकेक, एकाला दोन, म्हणजे कोणाला तरी शून्य. ते शून्य माझ्या धाकटीचे होते. ती त्याच वर्गात होती. घरी विचारले, तर म्हणाली, "कुणीतरी द्यायलाच हवं होतं ना, बाई?" शाळेची सवय, घरीही बाईच म्हणायची. दार उघडले ते तिच्यामुळे, आणि त्या दारातून सगळ्यात शेवटी बाहेर पडली तीच.

या घराच्या दारातून अजून पडायची आहे.

धाकटी कवळ्या बनवते. दातांचे साचे, रंग, ठेवण यांत तिचा हात असा आहे की माझ्या तोंडातले दात बघून लोक विचारतात, अजून स्वतःचेच का? दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कारखान्याने तिला बोलावले. तिने नाही कळवले. पुन्हा बोलावले, पुन्हा नाही. मी विचारले तर म्हणाली, तिथली हवा दमट आहे. तिला वाटते मला ऐकू येत नाही. फोनवर ती म्हणत होती, "आईला खाली उतरता येत नाही हो, मी कशी उतरू?" सही दुसऱ्यांची अडली आहे आणि कोंडली गेली आहे ती.

कलम ४. नकाशा.

कापडाचा युरोप, भिंतभर. शिवणाच्या बाईने दुसरे काय करायचे? देश रंगीत तुकड्यांचे, सीमा दोऱ्याच्या. ज्या सीमा फारशा हलल्या नाहीत त्या पक्क्या टाक्याने. ज्या हलल्या त्या कच्च्या टाक्याने, म्हणजे वर्गासमोर दोरा ओढून उसवता येतात आणि नव्या घालता येतात. पोलंड मी सगळा कच्च्या टाक्याने शिवला आहे. तीनदा उसवावा लागतो, आणि मग पुन्हा शिवावा लागतो. दोरा ओढायला मुलांची झुंबड उडायची. शिवायला कोणी पुढे येत नसे, एक धाकटी सोडून. नकाशा तिला. घडी घालून नेता येतो, जड नाही.

कलम ५. अटी.

आधी मी असे लिहिले होते की माझ्या मरणाच्या दिवशी धाकटी या घरात राहत असेल, तर तिला एक वीटही मिळू नये. भोपळा चक्रावला. "बाई, लोक सेवा केली तर देतात. तुम्ही सेवा केली तर काढून घेताय." मी म्हटले, लिही. तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली, तिने ऐकले, कप ठेवला आणि म्हणाली, "मग नको मला वीट. मी आहे इथेच."

माझ्या लक्षात आले की ती पुन्हा स्वतःलाच शून्य देते आहे. स्वतःच्या नुकसानीला ती भीत नाही. म्हणून ते खोडून आता असे लिहिते:

हे घर माझ्यामागे तिन्ही मुलांना समान मिळावे. पण दोन गोष्टी माझ्या हयातीत झालेल्या असाव्यात. पहिली, खालच्या दुकानाच्या कागदावर तिघांच्याही सह्या. दुसरी, धाकटीने या घरातला मुक्काम हलवून आपल्या कामाच्या गावी बिऱ्हाड केलेले असावे. यांतली एक जरी गोष्ट राहिली, तरी तिघांनाही काही नाही. संपूर्ण घर शाळेला जाईल. एकाच्या नकाराने आजवर माझे अडले, यापुढे सगळ्यांचे अडेल.

म्हणजे थोरल्याला आता मधल्याच्या सहीची काळजी लागेल, मधल्याला थोरल्याच्या. आणि धाकटी इथे बसून राहिली तर भावांचे घर जाईल. स्वतःसाठी ती उठणार नाही, पण दुसऱ्यासाठी म्हटले की उठते. तिच्या स्वभावाचा हा असा वापर करणे बरे नव्हे, हे मला कळते. पण दुसरी किल्ली मला सापडली नाही.

माझी चिंता करू नये. खाली दिवसा कामाला एक बाई येईल, दार उघडे राहील, आणि या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडून वही तपासून घेतली आहे. धाकटी कामावर गेली की मी तिची बॅग भरते. ती आल्यावर रिकामी करते. मी पुन्हा भरते.

याच्या प्रती आज तिघांनाही पाठवल्या आहेत. मृत्युपत्र आधी दाखवायचे नसते असे भोपळा म्हणाला. मेल्यावर वाचून मला काय उपयोग?

हा सगळा कागद पक्का आहे असे कायदा म्हणेल. माझ्यापुरता तो कच्च्या टाक्याने घातला आहे.

साक्षीदार :
१. डॉक्टर. (सही)
२. कुलूपवाला. (सही) तीन जिने चढून आला, दम खाल्ला आणि म्हणाला, "बाई, कुलूप असतं तर मीच उघडलं असतं."

लिहून ठेवणार : युरोपबाई. (सही)

दिनांक : नऊ फेब्रुवारी, नव्या मतदारयाद्या शाळेच्या फाटकावर लागल्या तो दिवस.

ठिकाण : तिसरा मजला, खिडकीजवळ. हे ठिकाण बदलले, की दोरा ओढून सगळे उसवीन आणि खाली बसून नवे शिवीन.