धाकटीसाठी लावलेला कौल

बाबा, काल पेडण्यात तुझ्या धाकटीचा सत्कार झाला. तालुक्यातली पहिली बाई वैमानिक म्हणून शाल, नारळ, भाषणं, सगळं यथासांग. जो तो मला म्हणत होता, "गो, तुका किती अभिमान वाटत असतलो." वाटतो, नाही असं नाही. पण त्याच्या आधी जळफळाट होतो, आणि पन्नाशी उलटली तरी तो जात नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. तू आता नाहीस, हे पत्र तर कुठे जाणारच नाही, म्हणून तुला सांगते.

तो सोमवार अजून डोळ्यांसमोर आहे. आई अंथरुणाला खिळलेली, धाकटीने विमान चालवणं शिकायला जायचा हट्ट धरलेला, आणि तू साखळी गावच्या खाणीवरचा तुझा ट्रक उभा करून आम्हा दोघींना देवळात कौल लावायला घेऊन आलायस. गुरवाने ओल्या मूर्तीवर पाकळ्या चिकटवल्यात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. तू गाऱ्हाणं घालतोयस आणि तुझे ओठ थरथरतायत. माझ्यासाठी ते कधी थरथरले नाहीत रे. बराच वेळ काहीच हलत नाही. मग उजवी सुटते, आणि धाकटी तुझ्या गळ्यात पडते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाबा, माझो कौल कधी लावतलस?" मलाही पुण्याला शिकायला जायचं होतं, तुला ठाऊक होतं. तू म्हणालास, "तुझो कौल कित्याक? तू माझा शाना चेडू. तू गेलंस तर आवशीक कोण बघतलो?" आई गेली, आणि वर्षभरात माझ्यासाठी केरीचं स्थळ ठरवलंस. देवाला विचारलं नाहीस, मलाही नाही.

गेल्या महिन्यात मुलाकडे मुंबईला गेले होते. परतीचं तिकीट धाकटीनेच काढलं, विमान तीच आणणार होती. मी जनेलापाशी बसले, बाहेरचं सगळं दिसत होतं. तिचा आवाज विमानभर घुमला, आणि देवाशपथ सांगते, वाटलं, उतरताना हे चांगलं दणकन आदळावं. हिचंही कधी चुकू दे. कसलं आदळतंय! मोपाच्या पठारावरच्या धावपट्टीवर अलगद टेकलं.

शेजारची बाई म्हणाली, "बाई चालवत होती ना? किती छान उतरवलं."

"माझी धाकटी बहीण," मी म्हटलं. तिथेच थांबायचं, तर पुढे बोलून गेले, "बाबा आधी मलाच पाठवत होते. मीच नको म्हटलं."

ती हळहळली. आणि बाबा, मला फार बरं वाटलं.