विहारापुढचा फळा

वसमत, २००७

भूषणदादा,
जय भीम.

पुण्यात बसून तू ऑर्कुटवर आपल्या गावाची कम्युनिटी काढली, तवा मला विहारापुढचा फळाच आठवला. कुणीबी यायचं, खडूनं मनातलं लिहायचं. एकदा कुणीतरी आपल्या बाबांबद्दल लिहिलं, ‘सभेत रामजी एकटेच बोलतात.’ तू फडकं घेऊन धावला. बाबांनी ते तुझ्या हातातून काढून घेतलं अन् खाली लिहिलं, ‘बराबर हाय. रविवारी तुमी बोला.’

त्या रविवारी आई पहिल्यांदा सभेत बोलली.

काल मी कम्युनिटीत विचारलं, जयंतीच्या कमिटीत एकबी बाई काहून न्हाई? तू ते पुसून टाकलं. वर लिहिलं, ‘वाद नको.’ म्हणून हे पत्रबी धाडत न्हाई.

फळ्यावरचं ते अक्षर आईचं होतं, दादा. बाबांनी वळखलं होतं.

तुला तर माझं नाव दिसत होतं.

तुझीच,
करुणा