एका बिंदूचे दोन उतार

पुणे, १२ एप्रिल २०२५

ती. पद्माआत्यास,
सीमंतिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर तू बरी आहे एवढं म्हणतेस आणि लगेच काकांकडे देतेस. काका ग्वाल्हेरचं ऊन किती ते सांगतात. तुझी गरिमा गेल्यापासून आपलं बोलणं एवढंच उरलंय. पत्र तरी काकांकडे सरकवता येणार नाही.

शिवाय काम आहे. पहिल्या वर्षाचं गणित माझं अजून अडकलेलंच आहे. दोनदा नापास झाले. जूनमध्ये सुटलं नाही तर पुढच्या वर्षात बसू देणार नाहीत. बाबा म्हणतात, सख्खी बहीण माझी, एवढी वर्षं कॉलेजात गणित शिकवत होती, आणि तू क्लास शोधत फिरतेस.

प्रश्न असा. कागदावरच्या वक्ररेषेला एका बिंदूपाशी एकच स्पर्शिका असते, हे समजलं. पण टेकडीसारखा पृष्ठभाग असला तर एका बिंदूला टेकतील अशा रेषा हव्या तेवढ्या निघतात. मग उतार कुठला म्हणायचा? पुस्तकात दोनच दिलेत. ते दोन कुणी ठरवले?

काकांना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.
तुझी,
सीमू


हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
२३ एप्रिल

चि. सीमंतिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र टेबलावर पडून होतं. काकांनीच फोडून समोर ठेवलं. इथं सगळं ठीक आहे. कूलर लावला.

तुझा प्रश्न रास्त आहे. उतार विचारला की दिशा सांगावीच लागते. त्यासाठी दोन सोयीच्या दिशा घेतात, एक x ची, एक y ची. एकीकडे चालताना दुसरीकडे मुळीच सरकायचं नाही. त्याला पार्शल डेरिव्हेटिव्ह म्हणतात.

नुसतं लिहून कळणार नाही, म्हणून अर्धं खरबूज ताटात पालथं घातलं. वर एका जागी टाचणी टोचली आणि तिथून पूर्व-पश्चिम सुरी सरळ खाली घातली. कापलेल्या कडेला कमान दिसते, ती साधी वक्ररेषा. टाचणीपाशी तिला पेन्सिल टेकवली. पेन्सिलीचा कल म्हणजे x च्या दिशेचा उतार. दुसऱ्या अर्ध्यावर त्याच जागी टाचणी टोचून दक्षिणोत्तर कापलं. ही कमान वेगळी, पेन्सिलीचा कलही वेगळा.

आता z = 20 − x² − 2y² घे. बिंदू x = 1, y = 2. उंची 11. x च्या दिशेनं जाताना y हलत नाही, तो नुसता आकडा. म्हणून 2y² चं काही उरत नाही. राहिलं −2x, म्हणजे −2. y च्या दिशेनं −4y, म्हणजे −8. उभं राहायचं एकाच जागी, पण एकीकडे हलका उतार आणि दुसरीकडे कडा.

खरबूज मग खाल्लं. काका म्हणाले, फार गोड निघालं. असेल. मला चव कळली नाही.

अभ्यास करावा. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.
पद्माआत्या


पुणे, ५ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मेसमध्ये खरबूज कुठलं मिळायला! मी इडली पालथी घालून कापली. मुली म्हणाल्या, हिला ऊन लागलं. लागू दे. त्या दिवसापासून गणितं सुटताहेत. z = x² − y² हे तर चुटकीसरशी झालं. मधोमध, x आणि y दोन्ही शून्य असताना, दोन्ही उतार शून्य येतात. म्हणजे ते शिखर. बरोबर ना?

एक लिहू? हे सगळं मला गरिमा फोनवर शिकवायची. मध्येच हिंदीत घुसायची आणि ओरडायची, अरे यार, y को छूना मत! तेव्हा काही डोक्यात शिरलं नाही. तुझ्या सुरीनं शिरलं. बाबांनी बजावलं होतं, आत्यापुढे तिचं नाव काढायचं नाही. काढलं. राहवलं नाही.

आपल्या लोभावर भिस्त ठेवून आहे.
सीमू


ग्वाल्हेर, १४ मे

चि. गरिमास अनेक आशीर्वाद.

शिखर कुठून काढलंस? दोन्ही उतार शून्य, याचा अर्थ तिथे दोन्ही स्पर्शिका आडव्या आहेत, बस. एवढ्यावरून शिखर ठरत नाही. आजूबाजूला बघायला नको? x कडे सरकलीस की दोन्ही अंगांना चढ आहे. y कडे सरकलीस की दोन्ही अंगांना उतार. हे घोड्याचं खोगीर झालं. उत्तर दिसलं की पेन खाली ठेवायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. कितीदा सांगितलं?

ऊन मरणाचं आहे. कंपू भागातून येताना तोंडाला ओढणी बांधून ये. टेम्पोत कडेला बसू नकोस. बाबांनी कूलरचा पंप बदललाय, आता रात्री आवाज येणार नाही. कैरीचं पन्हं करून ठेवलंय.

तुझी आई


पुणे, ९ जुलै

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुझ्या मागच्या पत्राच्या पाकिटावर माझं नाव होतं, आत गरिमाचं. खाली तुझी आई अशी सही. बाबांना दाखवलं नाही. लक्षातच आलं नाही असं भासवून उत्तर द्यावं, असं आधी ठरवलं होतं. दोनदा लिहिलं आणि फाडलं. तुला फसवल्यासारखं वाटलं.

पेपरात तसाच प्रश्न आला. दोन्ही उतार शून्य. मी आजूबाजूला पाहिलं आणि खोगीर लिहिलं. काल निकाल लागला. सुटले.

ते पत्र माझ्याजवळ आहे. माझं नाही ते. परत पाठवू का?

काही चुकलं असेल तर पोटात घाल.
सीमू


ग्वाल्हेर, १७ जुलै

चि. सीमंतिनीस अनेक आशीर्वाद.

पास झालीस, फार चांगलं झालं.

तुझं पत्र आलं तेव्हा पोळ्या करत होते. वाचलं आणि तव्यावरची पोळी तशीच राहिली. मी असं लिहिलं हे मला आठवत नाही. खूप दिवसांनी कुणावर तरी रागावले होते आणि ते बरं वाटत होतं, एवढं आठवतं.

काका दालबाजारातून आले, तो घरभर धूर. त्यांना पत्र वाचून दाखवलं. नोव्हेंबरनंतर या घरात तिचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं ते तेव्हा. ते पिशवीसकट खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, त्यांच्याजवळ बसून राहिले. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. येईल तेव्हा येईल, असं काका म्हणाले.

पत्र परत पाठवू नकोस. खोड तुम्हा दोघींची सारखीच होती, तेव्हा बोलणी तुलाही लागू आहेत. वरचं नाव मात्र खोडू नकोस.

दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये. तिची खोली बंद आहे. तिचे कपडे, पुस्तकं सगळं जसंच्या तसं आत आहे. काकांच्यानं बघवणार नाही. कुलूप मी काढीन. तू नुसती शेजारी उभी राहा.

वाट पाहते.
तुझी,
पद्माआत्या