निळ्या काठाच्या ताटातला पाव

मी, नीवेस दोरीगो, दिवंगत एलिओ दोरीगो यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा मखमली सपाता शिवणे, राहणार प्रातोलुंगो, कार्निया, इटली, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, पण मृत्युपत्राला फुप्फुसे लागत नाहीत असे नोटरी पेलिझारी सांगतात. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकणारा माणूस नऊ वर्षांपूर्वी वारला, आणि तो होता तेव्हाही या घरात त्याचे फारसे कोणी ऐकत नव्हते. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. केला असे नणंदेने सांगितले तर तो खोटा समजावा.

कलम १. माझे वारस. मला दोन मुले आहेत, मुलगी मुलू आणि मुलगा तामिरू. दोघे सख्खी भावंडे. आम्ही नवरा-बायकोने त्यांना इथिओपियाहून दत्तक आणले तेव्हा मुलू आठ वर्षांची होती आणि तामिरू चार. दत्तक हा शब्द कायद्यासाठी लिहिला, पुन्हा लिहिणार नाही. कायद्याने माझ्या मिळकतीचे दोन तृतीयांश या दोघांचे, सारखे. उरलेला तिसरा भाग माझ्या मर्जीचा. त्याचे पुढे सांगते.

कलम २. घर. हे घर दोघांनी सारखे घ्यावे. वरच्या खोल्या कशाही वाटून घ्या, पण खालच्या स्वयंपाकघरात भिंत घालू नये आणि जेवणाचे टेबल हलवू नये. ही अट घालायची माझी फार इच्छा होती. नोटरी म्हणाले, "बाई, अशी अट कोर्टात टिकत नाही." मग ती माझी विनंती समजा. हे लिहावे लागते, कारण माझी मुले गेली सहा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. मुलू त्रिएस्तेला दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. दर रविवारी मला फोन करते, आणि तो तामिरूने उचलला तर ठेवून देते. तामिरू माझ्याजवळ राहतो, बापाच्याच लाकूड-गिरणीत कामाला जातो. बहिणीचे नाव निघाले की उठून फाटे फोडायला लागतो. त्यामुळे आमच्याकडे दोन हिवाळ्यांचे सरपण जमलेले आहे. तेही दोघांचे.

कलम ३. माझी हत्यारे. लाकडी फर्मे, दोन आऱ्या, जाड सुया, मेणाचा दोरा आणि मखमलीचे तुकडे मुलूला द्यावे. तिने सपाता शिवाव्यात असे नाही. पण ती आली त्या हिवाळ्यात तिच्या पायाला बाजारातला एकही बूट सोसत नव्हता. रडायची नाही, बूट उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवायची. मग मी एलिओच्या जुन्या सदऱ्यांचे थर घालून तिच्या मापाच्या सपाता शिवल्या, वर लाल मखमल लावली. तिने त्या हातात घेतल्या आणि आधी तामिरूच्या पायात घालून पाहिल्या. मोठ्या झाल्या त्याला. "त्याला पण पाहिजे," म्हणाली. त्याच्या शिवून होईपर्यंत तिने स्वतःच्या घातल्या नाहीत. जेवायचेही तसेच. तो जेवल्याशिवाय ही चमचा उचलत नसे, आणि तिच्या उशीच्या अभ्र्यात पावाचे तुकडे सापडत. मला त्या दिवसांत तिचा हेवा वाटायचा. मुलगा माझ्या मांडीवर बसून तिच्या हातून खायचा.

कलम ४. एलिओची करवत, कुऱ्हाड आणि अकॉर्डियन तामिरूला. अकॉर्डियनचे तीन सूर लागत नाहीत. एलिओ ते तोंडाने भरून काढायचा.

कलम ५. नणंद जेम्मा हिला मक्याच्या पिठाचा पोलेंटा शिजवायची तांब्याची कढई द्यावी. ही कढई आपल्या आईची, असे ती माझ्या लग्नापासून सांगत आली आहे. घेऊ दे. तिच्या तळाला भोक आहे. जेम्माने माझ्या मुलांना पहिल्याच नाताळात, त्यांच्या देखत, "यांना काट्या-चमच्याने जेवता येतं का गं?" असे विचारले होते. एलिओच्या अंत्यविधीला तिने त्यांना दुसऱ्या रांगेत बसवले, तेव्हा तामिरू उठला आणि शवपेटीला टेकून उभा राहिला, शेवटपर्यंत. कढई देताना या दोन्ही गोष्टी तिला वाचून दाखवाव्यात.

कलम ६. ताटांविषयी. आमच्याकडे दोन नोव्हेंबरच्या रात्री टेबल आवरत नाहीत. घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावाने ताट मांडायचे, त्यात पाव, उकडलेले चेस्टनट, बाजूला पाणी, आणि खिडकीत दिवा. मुले आली त्या वर्षी मी एलिओच्या आई-वडिलांची आणि माझ्या आईची अशी तीन ताटे मांडत होते. मुलू बघत उभी होती. एव्हाना तिला आमची भाषा बरीच येत होती. तिची आई, वर्कनेश, वारल्याचा शिक्क्याचा कागद आम्हाला तिथल्या संस्थेने दिला होता आणि तिलाही तसेच सांगितले होते.

तिने एलिओला विचारले, "इतक्या लांब येता येतं का त्यांना?"

"न यायला काय झालं? मेलेल्यांना पासपोर्ट लागत नाही," एलिओ म्हणाला.

मुलूने कपाटातले निळ्या काठाचे ताट काढले आणि चौथे म्हणून मांडले. पाव सगळ्यांत मोठा तिने तिथे ठेवला. जेम्मा तेव्हा इथेच होती. तिने पोरांना सांगून टाकले, "सकाळी बघा हं. ज्याचं ताट रिकामं झालं तो आला म्हणायचा. आणि चुकून जिवंत माणसाचं मांडलं नि ते रिकामं झालं, तर तो माणूस झिजत जातो, त्यांच्यातला होतो." इतके बोलायची काही गरज नव्हती.

सकाळी निळ्या काठाचे ताट रिकामे होते. मुलूने त्यावर हात फिरवला. "आली होती," ती म्हणाली, आणि या घरात पहिल्यांदा हसली. त्यानंतर दरवर्षी तिने ते ताट मांडले आणि दरवर्षी ते रिकामे झाले.

सहा वर्षांपूर्वी मुलू आपल्या पैशांनी इथिओपियाला जाऊन आली. परत आली तेव्हा मी घेवडा सोलत होते. तिने कोटही काढला नाही.

"ती जिवंत आहे," ती म्हणाली. "रस्त्याच्या कडेला बसून कांदे विकते. तिला सांगितलं होतं, पोरं शिकायला चाललीत, सुट्टीत घरी येतील. दर सुट्टीत संस्थेच्या फाटकापाशी जाऊन बसायची म्हणे."

मी तिच्याकडे खुर्ची सरकवली. ती बसली नाही.

"डोळे गेल्यातच जमा आहेत तिचे. आम्ही निघालो तेव्हा चांगले होते. कधीपासून जायला लागले विचार ना, मम्मा. आपण ताट मांडलं त्याच्या पुढच्या वर्षीपासून. मी मांडत होते. मीच तिला बोलवत होते त्यांच्यात, आणि ती येत होती."

तेवढ्यात तामिरू कामावरून आला. मुलूने त्याच्यापुढे फोन धरला, त्यात त्या बाईचा फोटो होता. त्याने पाहिला नाही.

"मला नाही आठवत ती," तो म्हणाला. "माझी मम्मा ही काय, घेवडा सोलतेय."

"तुला कसं आठवेल? तुला भरवायला मी होते."

"मग तूच झालीस की आई. दोन आहेत मला. तिसरी नको."

"तुला कोणाचंच काही नाही रे," मुलू म्हणाली, आणि जी बॅग घेऊन आली होती तीच घेऊन गेली. तेव्हापासून तिने या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. मला भेटायला येते ती खाली बस-थांब्यापाशी. तामिरूचे ते बोलणे ऐकून मला आत कुठेतरी बरे वाटले होते. नंतर स्वतःचीच लाज वाटली.

कलम ७. खुलासा. हा मृत्युपत्राचा भाग नाही, असे नोटरी म्हणतात. माझ्या मते हाच आहे.

पहिल्या वर्षी त्या सकाळी मी चूल पेटवायला खाली आले, तेव्हा टेबलाखाली तामिरू बसला होता. मांडीवर चेस्टनटची साले, बनियनवर पावाचा चुरा. मागून एलिओ आला. त्याने पोराला उचलले, चुरा झटकला, आणि तेवढ्यात मुलू जिना उतरत आली. तिने ताट पाहिले आणि हसली, ते मी वर लिहिलेच आहे. एलिओने माझ्याकडे पाहिले. त्या हसण्यापुढे खरे सांगायची आमची छाती झाली नाही.

पुढच्या वर्षीही त्यानेच खाल्ले, त्याच्या पुढच्या वर्षीही. दहा-अकरा वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला म्हटले, "घोडा झालास आता. पुरे ती चोरी."

तो म्हणाला, "मम्मा, मी नाही खाल्लं तर तिला वाटेल आई रुसली."

म्हणजे त्याला केव्हाच कळले होते. भूक नसली तरी खायचा. एका वर्षी अंगात ताप होता, खाल्लेले सगळे उलटले. तोंड धुऊन परत आला आणि दुसरा तुकडा घेऊन चावत बसला. मी कोणाला सांगणार नाही अशी त्याने माझ्याकडून शपथ घेतली. मुलू बॅग घेऊन निघाली त्या दिवशी एका वाक्यात तो स्वतःला सोडवू शकला असता. पण मग तिची आई एकदाही आली नव्हती, हेही तिला कळले असते. म्हणून गप्प राहिला. मी दोनदा बोलायला गेले, तर त्याने, "शपथ आहे," म्हणून मला अडवले. माणूस मेल्यावर त्याची शपथ सुटते. तामिरू चिडेल. चिडू दे, सरपण आहे.

तर कायद्याला आणि दोन साक्षीदारांना स्मरून लिहून देते, की निळ्या काठाच्या ताटातला एकही घास कधीही कोणत्याही मेलेल्या माणसाने खाल्लेला नाही. सगळा माझ्या मुलाने खाल्ला. वर्कनेशचे डोळे आजाराने आणि औषधावाचून गेले. मुलू, संस्थेच्या फाटकापाशी तुझ्या आईने तुला एकच गोष्ट बजावली होती, भाऊ उपाशी झोपता कामा नये. आमची भाषा यायला लागली तेव्हा तू मला आधी हेच सांगितले होतेस. तू इतकी वर्षे तिला मेलेल्यांत बोलवत नव्हतीस. तिने सांगितलेलेच करत होतीस.

कलम ८. माझ्या मर्जीचा तिसरा भाग. माझ्या बचतीतला हा सगळा हिस्सा मी वर्कनेश हिला देते. नाते या रकान्यात काय लिहायचे, असे नोटरींनी विचारले. मी सांगितले, लिहा, माझ्या मुलांची आई. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिले. या पैशातून तिचा व्हिसा, तिकीट आणि डोळ्यांचा चांगला डॉक्टर व्हावा. दृष्टी परत येणार नाही हे मला ठाऊक आहे, पण अर्धा डोळा आहे तो तरी वाचवा. जेम्मा हरकत घेईल. तिला तसा हक्क नाही, हे मी विचारून घेतले आहे.

कलम ९. साक्षीदारांना मृत्युपत्रात काही देता येत नाही. म्हणून शेजारीण ओर्सोला हिने माझी कात्री, जी ती नेहमी मागते, आजच घेऊन जावी.

कलम १०. अंत्यविधी आणि त्यानंतरचे. पायात मीच शिवलेल्या काळ्या सपाता घालाव्यात. मुलांना पहिल्या रांगेत बसवावे, जेम्माला कुठेही. बर्फ पडलेला मी पाहीन असे डॉक्टरांना वाटत नाही. येत्या दोन नोव्हेंबरला मी टेबलाशी खुर्चीवर असेन की ताटावर, ते त्यांनाही सांगता येत नाही.

मी खुर्चीवर नसेन तर मुलूने घरी यावे आणि माझे ताट मांडावे. कोणतेही चालेल, निळ्या काठाचे सोडून. ते धुऊन वेगळे ठेवावे. वर्कनेश येईल तेव्हा तिला खुर्ची द्यावी आणि त्या ताटात गरम वाढावे. तिला यायला वेळ लागेल, कारण तिला पासपोर्ट लागतो.

त्या रात्री दोघांनीही याच घरात झोपावे. सकाळी तामिरूने आधी उठून माझ्या ताटातला पाव खावा. मुलूला आता सगळे ठाऊक आहे, तरी खावा. मग तिने खाली यावे, रिकामे ताट बघावे, आणि त्याच्या देखत म्हणावे, आली होती.

हे मी वाचून घेतले, समजून घेतले आणि माझ्या हाताने सही केली. 

नीवेस दोरीगो

आमच्या समक्ष सही झाली. साक्षीदार:
१. ओर्सोला चिमेंती, बेकरीवाली (कात्री मिळाली)
२. रेन्झो झानिएर, निवृत्त बसचालक

स्थळ: प्रातोलुंगो, स्वयंपाकघरात
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२४